काटा अर्ध्यावर आहे म्हणजे नक्की काय?

एक सोपा प्रश्न. टाकी साठ लिटरची आहे, काटा बरोबर अर्ध्यावर आहे. तर टाकीत पेट्रोल किती?

तीस लिटर, असं उत्तर मनात आलं असेल तर तुम्ही माझ्यासारखेच बाइक आणि कार चालवणारे आहात. छोटी मोटरबोट चालवणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला हाच प्रश्न विचारा. तो उलट विचारेल, "टाकीचा आकार काय? बोट उभी आहे की पळतेय? आणि काट्याला शेवटचं कोणी तपासलं होतं?" हे तीनही प्रश्न रास्त आहेत. कारण त्याच साठ लिटरच्या टाकीत काटा अर्ध्यावर असताना पंधरा लिटरच पेट्रोल असू शकतं. काटा बिघडलेला नसतानासुद्धा!

आता तुम्ही म्हणाल, कल्याणला राहणाऱ्या, सकाळची लोकल पकडून ऑफिस गाठणाऱ्या माणसाला बोटीच्या काट्याशी काय देणंघेणं? एक तर कल्याण हे मुळात बंदर. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर दुर्गाडीच्या पायथ्याशी, याच खाडीवर, मराठा आरमाराची सुरुवात झाली हे आपण शाळेपासून ऐकतोय. २०१६ च्या कायद्याने उल्हास नदी आणि वसईची खाडी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. म्हणजे पाण्यावरचा प्रवास आपल्या भागात हळूहळू का होईना, परत येतोय. दुसरं म्हणजे वीकेंडला आपणच बोटीत बसतो. बामणोलीहून वासोट्याला, तापोळ्याला, तारकर्लीला, मांडव्याला. लाइफ जॅकेट घालून सेल्फी काढतो, पण बोटीत डिझेल किती आहे हे एकही जण विचारत नाही. रिक्षात बसताना कुठे विचारतो, तसंच.

फरक एवढाच, की रिक्षा बंद पडली तर आपण उतरून चालायला लागतो.

बोटीचं इंजिन बंद पडलं की काय होतं ते आधी बघू, म्हणजे पुढचा किस पाडण्याचं कारण कळेल. बोटीला ब्रेक नसतो आणि सुकाणू चालायला बोटीला वेग लागतो. आउटबोर्डच्या बोटीत तर इंजिन हेच सुकाणू. इंजिन थांबलं की दिशा देणंही थांबतं. बोट हळूहळू लाटांना आडवी होते आणि लहान बोट लाटेला आडवी असणं ही सगळ्यात वाईट अवस्था. खाडीत असाल तर ओहोटी तुम्हाला घेऊन निघते, मग समोर पुलाचा खांब आहे की खडक आहे हे तुमच्या हातात राहत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयात ओहोटी नाही, पण वारा आहे, संध्याकाळ आहे, आणि पलीकडे अभयारण्य आहे. मोबाइलला रेंज मिळण्याची खात्री नाही. नांगर टाकायचा म्हटलं तर तळ किती खोल आहे कोणास ठाऊक! म्हणून पाण्यावर इंधन संपणं ही गैरसोय नाही, तो अपघाताचा पहिला अर्धा भाग आहे.

तर आता काट्याकडे वळू. हा काटा खोटं का बोलतो? माझ्या मते चार कारणं आहेत, आणि चारही समजायला दहावीचं गणित-विज्ञान पुरतं.

पहिलं कारण, टाकीचा आकार. काटा खरं तर पेट्रोल मोजतच नाही. तो उंची मोजतो. टाकीत एक तरंगता फ्लोट असतो, तो एका दांडीला जोडलेला, दांडी वर-खाली झाली की विद्युत रोध बदलतो आणि त्यावर काटा हलतो. म्हणजे काट्याला कळतं फक्त एवढंच, की पातळी कुठे आहे. टाकी खोक्यासारखी चौकोनी असेल तर उंची अर्धी म्हणजे पेट्रोल अर्धं. पण बोटीचा तळ व्ही आकाराचा असतो आणि जागा वाचवायला टाकीही त्याच आकाराची करतात. व्ही आकारात घनफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. उंची अर्धी, तर पेट्रोल एक चतुर्थांश. उंची पाव, तर पेट्रोल एक सोळांश! साठ लिटरच्या टाकीत काटा अर्ध्यावर म्हणजे पंधरा लिटर, आणि काटा पावावर म्हणजे पावणेचार लिटर.

याचा परिणाम मजेशीर होतो (किनाऱ्यावर बसून बघणाऱ्यासाठी मजेशीर). काटा पूर्णवरून अर्ध्यावर यायला पंचेचाळीस लिटर जळतात. नव्या माणसाला वाटतं, वा, काय ॲव्हरेज देतेय बोट! मग उरलेला अर्धा काटा पंधरा लिटरमध्ये झरझर उतरतो. चाळीस हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण जोरात चाललं तर ढोबळमानाने तासाला पंधरा लिटर पितं. म्हणजे पहिल्या अर्ध्या काट्याला तीन तास आणि दुसऱ्याला एक. तीन तास गेलो, काटा अजून अर्धा आहे, चला परत फिरू, असा हिशोब करणारा माणूस वाटेत दोन तास आधीच थांबतो.

दुसरं कारण, बोट कधीच सपाट नसते. वेग घेतला की नाक वर येतं आणि पेट्रोल मागे सरकतं. समजा टाकी एक मीटर लांब आणि तीस सेंटीमीटर खोल आहे आणि बोटीचं नाक फक्त पाच अंश वर आलंय. तर टाकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाच्या पातळीत जवळजवळ पावणेनऊ सेंटीमीटरचा फरक पडतो. फ्लोट मागच्या टोकाला असेल तर त्याला खऱ्यापेक्षा चार सेंटीमीटर जास्त पातळी दिसते. आता हे आधीच्या व्ही आकारासोबत जोडून बघा. टाकीत फक्त पाच लिटर उरलंय, काटा मात्र चाळीस टक्क्यांच्या वर दाखवतोय. काही बिघडलेलं नाही, सगळे भाग नवे आहेत, तरी ही अवस्था! आणि याच्या उलटही होतं. पेट्रोल ओढणारी नळी सहसा मागच्या टोकाला असते. बोट हळू चालवली, चार माणसं पुढे जाऊन फोटो काढायला बसली, नाक खाली गेलं, की टाकीत पेट्रोल असूनही नळी हवा ओढते आणि इंजिन बंद पडतं.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण ते शुद्ध डिझाइनचं आहे. फ्लोटचे सेन्सर जगात मुख्यतः दोन पद्धतींचे मिळतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम. युरोपियन पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरलेली असताना १८०. बरोबर उलटं. दुकानात गेलात आणि एका पद्धतीचा सेन्सर, दुसऱ्या पद्धतीचा काटा घेऊन आलात तर काटा चक्क उलटा चालतो. हे लगेच लक्षात येतं, त्यामुळे त्याची भीती नाही.

भीती वेगळीच आहे. खाऱ्या हवेत तारांच्या जोडांवर गंज चढतो आणि गंज म्हणजे वाढीव रोध. अमेरिकन पद्धतीत रोध वाढला की काटा रिकाम्याकडे झुकतो. म्हणजे गंजलेला काटा घाबरवतो, तुम्ही लवकर परत येता. युरोपियन पद्धतीत रोध वाढला की काटा भरलेल्याकडे झुकतो. म्हणजे गंजलेला काटा धीर देतो! तार तुटली तर पहिल्यात काटा शून्यावर पडतो, दुसऱ्यात भरलेल्याच्याही पलीकडे जाऊन बसतो. (तार कुठे घासून जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, चिकटली तर पुन्हा उलट होतं. तेव्हा अमेरिकन पद्धत साधी भोळी आहे असं समजू नका.) आपण सॉफ्टवेअरवाले फेल-सेफ वगैरे शब्द मीटिंगमध्ये सहज फेकतो. बिघडल्यावर वस्तू कुठल्या बाजूला चुकते, हा त्या शब्दाचा साधा अर्थ. काटा चुकतो हे सगळ्यांना माहीत असतं, तो कुठल्या बाजूला चुकतो हे मात्र फार थोडे लोक विचारतात.

चौथं कारण, काट्याला पेट्रोल आणि पाणी यातला फरक कळत नाही. फ्लोट दोन्हीवर तरंगतो. आपल्याकडे २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर रुळलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि बोटीच्या टाकीला दमट हवेची काय कमी! पाणी एका मर्यादेपेक्षा जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली तळाला बसतात. नेमकी तिथेच इंजिनाची नळी असते. काटा म्हणतो पाऊण टाकी आहे आणि इंजिन म्हणतं मला पाणी पाजू नका. दोघंही आपापल्या जागी खरे.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग चांगला डिजिटल काटा लावा की. इंधन-प्रवाह मोजणारा सेन्सर लावा, ॲप करा, प्रश्न मिटला. आमच्या ऑफिसात हा विषय निघाला तेव्हा दहा मिनिटांत तिघांनी तीन वेगवेगळी आर्किटेक्चर मांडली :-) एकाने तर क्लाउडवर डॅशबोर्डसुद्धा ठेवला.

प्रवाह मोजणारा सेन्सर खरंच चांगली वस्तू आहे, मी त्याच्या विरोधात नाही. इंजिनात किती इंधन गेलं हे तो बऱ्यापैकी अचूक सांगतो, बोट तिरकी असो की सरळ. आजची कितीतरी आउटबोर्ड इंजिनं हा आकडा स्वतःच देतात. पण तोही टाकीत बघत नाही. सुरुवातीला टाकीत किती होतं हे माणसानेच त्याला सांगायचं असतं आणि तो त्यातून वजा करत बसतो. कोणी भरताना पन्नास लिटर टाकून साठ लिहिले, किंवा इंजिनाच्या आधी कुठे गळती झाली, तर तो अतिशय अचूकपणे चुकीचं उत्तर देतो, तेही दशांशासकट. काट्याच्या चुकीवर निदान संशय घेता येतो. "३१.४ लिटर" अशा आकड्यावर संशय घ्यायला माणसाला फार धीर लागतो. आणि कोकणातल्या छोट्या बोटवाल्याच्या दृष्टीने बघा. खारं पाणी, चार महिने पावसाळा, बोट किनाऱ्यावर उलटी घातलेली, सेन्सर बदलायचा तर माणूस मुंबईहून येणार. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो तो असा.

गंमत म्हणजे जिथे पैशाची आणि तंत्रज्ञानाची कमी नाही तिथे काय करतात बघा. मोठ्या जहाजांवर टाक्यांची पातळी दाखवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, तरी खलाशी वजन लावलेली टेप टाकीत सोडून हाताने माप घेतात. त्या मापाचे लिटर करायला प्रत्येक टाकीचा स्वतःचा तक्ता असतो, आणि जहाज पुढे-मागे किती कललंय त्यानुसार करायची दुरुस्तीही त्या तक्त्यात असते. तुमच्या-आमच्या पेट्रोल पंपावरही जमिनीखालच्या टाकीत डिप रॉड घालून माप घेतात, आणि तक्त्यावरून लिटर काढतात. म्हणजे जो इंधन विकतो तो काठीवर विश्वास ठेवतो. आपण मात्र त्याच्याकडून विकत घेऊन काट्यावर ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ऑफिसातले बारा जण वासोट्याला गेलो होतो. बामणोलीहून बोटीने साधारण दीड तास. आमच्या बोटीला काटा नव्हताच. निघण्याआधी बोटवाल्या मामांनी एक खाचा पाडलेली लाकडी काठी टाकीत उभी घातली, बाहेर काढून ओली खूण बघितली, आणि एक कॅन आणखी ओतला. मी विचारलं, मामा, काटा का नाही बसवून घेत? ते म्हणाले, "काटा बसवला की पोरगं काठी घालायचं सोडतंय बघा." एवढं बोलून ते दोर सोडायला गेले.

मी त्या वाक्यावर बराच विचार केला, कारण आमच्या क्षेत्रातला अर्धा गोंधळ त्या एका वाक्यात आहे. मोजमाप दाखवणारी गोष्ट समोर आली की माणूस मोजायचं थांबतो. प्रोजेक्टच्या रिपोर्टवर हिरवा रंग असला की कोड उघडून कोणी बघत नाही. "नव्वद टक्के झालंय" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि उरलेल्या दहा टक्क्यांचा आकार कसा व्ही नसून वाय असतो हेही अनुभवलंय. फरक एवढाच की आपला प्रोजेक्ट बंद पडला तर डेडलाइन पुढे जाते.

पण काठी म्हणजे देव असंही नाही, नाहीतर मी एका अंधश्रद्धेतून दुसऱ्या अंधश्रद्धेत जाईन. यावरचा जगप्रसिद्ध धडा विमानाचा आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं बोइंग ७६७ विमान एकेचाळीस हजार फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. विमानातली इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून जमिनीवर काठीसारख्याच साधनाने माप घेतलं होतं. माप बरोबर होतं, टाक्यांमध्ये ७,६८२ लिटर होतं. उड्डाणाला २२,३०० किलो लागणार होतं. आता लिटरचे किलो करायला साधारण ०.८ ने गुणायचं. त्यांनी गुणलं १.७७ ने, जो लिटरचे पौंड करायचा आकडा. विमान एअर कॅनडाच्या ताफ्यातलं पहिलंच मेट्रिक पद्धतीचं, सवय जुन्या मापांची. परिणाम असा, की लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन विमान उडालं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायची सवय होती म्हणून त्यांनी ते अवाढव्य विमान इंजिनाशिवाय तरंगत नेऊन गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे ६९ जण वाचले.

तेव्हा काठी पुरेशी नाही. काठीचं लिटरमध्ये रूपांतर करणारा तक्ता हवा, आणि दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने आलेला एक आकडा हवा. दोन आकडे जुळले तर निघायचं, नाही जुळले तर का जुळले नाहीत ते शोधायचं. बस्स, माझं म्हणणं एवढंच आहे. छोट्या बोटीतला काटा हा आकडा म्हणून वाचूच नये, इशारा म्हणून वाचावा. मोजायचं काम काठी आणि वही यांचं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? खर्च जवळजवळ शून्य आहे.

१. टाकी एकदा पूर्ण रिकामी करा. बोट पाण्यात, नेहमीच्या अवस्थेत, इंजिन बंद. मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओतत जा आणि प्रत्येक वेळी काठीवर खाच पाडा, शेजारी काटा कुठे आहे तेही लिहा. वर सांगितलेल्या तीस सेंटीमीटर खोल व्ही टाकीत पहिली खाच तळापासून पावणेनऊ सेंटीमीटरवर येईल आणि शेवटच्या दोन खाचांमध्ये जेमतेम सव्वा सेंटीमीटर अंतर असेल. ती काठी बघितली की टाकीचा आकार डोळ्यांना दिसतो. पेट्रोलची ओली खूण पटकन उडते, म्हणून काठीला खडू चोळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठून राहते, तेव्हा हे करताना विडी-काडी सोडाच, बॅटरीचं बटणही दाबू नका.

२. इंजिन किती तास चाललं आणि किती लिटर भरलं, हे वहीत लिहा. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर तासाला किती लिटर लागतं हा तुमच्या बोटीचा, तुमच्या वजनाचा, तुमच्या पाण्याचा आकडा मिळतो. तो कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी खरा.

३. टाकीच्या नळीला वाकण असेल आणि काठी जात नसेल तर सेन्सरच्या झाकणातून माप घेता येतं. आउटबोर्डची सुटी टाकी असेल तर सोपं, ती चक्क वजन करा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो. मासळीच्या काट्यावरसुद्धा जमेल. (हा काटा मात्र बरोबर चालतो, कोळीणबाईंसमोर चुकून दाखवा!)

४. काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून तळ बघा. साधी पेस्ट इथेनॉलच्या मिश्रणात नीट चालत नाही, त्यासाठीची वेगळी घ्यावी लागते.

५. तीन हिस्से करा. एक जायला, एक यायला, एक राखीव.

या पाचव्याबद्दल थोडं. तीन हिश्शांचा नियम जगभरचे बोटवाले पाळतात आणि अनेकांना राखीव तिसरा हिस्सा म्हणजे उधळपट्टी वाटते. हिशोब करून बघा. तुमच्या बोटीचा वेग सहा नॉट आहे आणि खाडीत दोन नॉटची ओहोटी आहे. जाताना ओहोटी सोबत आहे, म्हणून वेग आठ. एका तासात आठ सागरी मैल गेलात, एक हिस्सा संपला. आता त्याच ओहोटीविरुद्ध परत यायचंय. वेग उरला चार. तेच आठ मैल यायला दोन तास, म्हणजे दोन हिस्से. घाटाला बोट लागते तेव्हा टाकी बरोबर रिकामी! राखीव हिस्सा कोणत्याही संकटाशिवाय, फक्त पाण्याच्या दिशेने खाल्ला. आमच्या वडिलांच्या जुन्या स्कूटरला काटा नव्हता, कॉक होता. ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. गाडी अडखळली की खाली हात घालून कॉक फिरवायचा आणि मुकाट्याने पंप गाठायचा. त्या रिझर्व्हला कधी खोटं बोलता आलं नाही, कारण तो आकडा नव्हताच, ती प्रत्यक्ष वेगळी ठेवलेली शिल्लक होती. बोटीत राखीव हिस्सा वेगळ्या कॅनमध्ये ठेवला तर तीच सोय होते.

आता खरी अडचण, आणि ती तांत्रिक नाही. साठ लिटरमधले वीस लिटर राखीव म्हणजे शंभराच्या वरच्या भावाने दोन हजारांहून जास्त रुपये बोटवाल्याने कायमचे टाकीत अडकवून ठेवायचे. खर्च होत नाहीत, पण हातातही नसतात. सीझन चार-पाच महिन्यांचा. आणि आपण वीकेंडवाले काय करतो? बाराजणांत वाटून घ्यायच्या भाड्यावर दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, "समोरचा कमी घेतोय" म्हणतो, वर "अजून त्या टोकापर्यंत न्या ना मामा" म्हणून फेरी वाढवतो. तो समोरचा कमी कसा घेतो याचं एक उत्तर त्याच्या टाकीत असू शकतं. दोष एकट्या बोटवाल्याचा नाही. सुरक्षिततेची किंमत आपण देत नसू तर ती कुठून तरी कापली जाते, आणि इंधन ही कापायला सगळ्यात सोपी जागा, कारण ती कोणाला दिसत नाही. लाइफ जॅकेट दिसतं म्हणून ते आपण मागतो.

१९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आला, त्यात बोटींची नोंदणी आहे, तपासणी आहे. माझी सूचना अशी, की प्रवासी घेणाऱ्या प्रत्येक छोट्या बोटीच्या तपासणीत तीन गोष्टी असाव्यात: खाचा पाडलेली काठी, तिचा तक्ता बोटीवर रंगवलेला, आणि इंधनाची वही. काटा असो वा नसो, अचूक असो वा नसो. महागडा काटा सक्तीचा केला तर तो पहिल्या पावसाळ्यात बंद पडेल आणि कागदावर मात्र चालू राहील. काठी बंद पडत नाही.

आणि कायदा होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी बोटीत बसण्याआधी एवढंच विचारा, "दादा, काठी घातली का? राखीव किती आहे?" विचारायला लाजू नका, चांगल्या बोटवाल्याला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो खुलतो. उत्तर "काटा अर्ध्यावर आहे की" असं आलं तर एक कॅन जादा घ्यायला सांगा आणि त्याचे पैसे वर्गणीतून आधी द्या. बाराजणांत ते वडापावच्या भावात पडतं. आणि किनारपट्टीवर असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा, रेंज असेल तिथे उपयोगी पडेल.

अंदाजपंचे दाहोदरसे जमिनीवर खपून जातं. पाण्यावर उतरून ढकलायची सोय नाही.